पण बघितला कुणी?

ऑस्करमध्ये ॲनिमेशनपटांसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्या वर्षी स्पर्धेला पात्र ठरलेले सिनेमे नऊ होते आणि त्या नवांतलं एक रामायण होतं.

मला हे फार उशिरा समजलं. समजल्यावर आधी खरं वाटेना, म्हणून ती २००१ सालची यादी शोधून वाचली. 'श्रेक' होता, 'मॉन्स्टर्स, इन्कॉर्पोरेटेड' होता, 'जिमी न्यूट्रॉन' होता, 'फायनल फँटसी' आणि 'वेकिंग लाइफ' होते, आणि त्यांच्याच पंगतीला 'द प्रिन्स ऑफ लाइट : द लेजंड ऑफ रामायण'. म्हणजे आपल्याकडे सुट्टीत कार्टून नेटवर्कवर लागायचा तोच जपानी रामायणपट. आता पंचविशी-तिशीत असलेल्या कुणाही मराठी मुलाला विचारा, त्यातला कुंभकर्ण कसा उठतो ते तो करून दाखवेल.

युगो साको हे मूळचे माहितीपट करणारे. उत्तर प्रदेशातल्या एका उत्खननावर माहितीपट करताना त्यांची रामायणाशी गाठ पडली आणि ते त्यात अडकले ते अडकलेच. सिनेमाच्या दिग्दर्शनात त्यांच्या जोडीला जपानचे कोइची सासाकी होते आणि आपले राम मोहन होते. राम मोहन १९५६ मध्ये मुंबईत पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभागात शिरले. तिथे शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते. डिस्नेकडून आलेली विद्या पेडर रोडवर रुजली, तिथून जपानी सिनेमात गेली आणि शेवटी अमेरिकेत डिस्नेच्या माणसांसमोर स्पर्धेला उभी राहिली. हा प्रवास करायला सिनेमाला मात्र वेळ लागला. तयार झाला १९९२ मध्ये, अमेरिकेच्या पडद्यावर पोचेपर्यंत २००१ उजाडलं. तोवर नाव बदललं होतं, निवेदनाला जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज आला होता आणि रामाला ब्रायन क्रॅन्स्टन यांचा. हेच क्रॅन्स्टन पुढे 'ब्रेकिंग बॅड'मध्ये अमली पदार्थ शिजवणारे मास्तर झाले. आपल्या हिंदी रामाला अरुण गोविल यांचा आवाज आहे, त्यामुळे आपल्याला असला घोळ नाही.

नऊपैकी तीन सिनेमांना नामांकन मिळायचं होतं. रामायण त्यात नव्हतं, यात नवल नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. निवड करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो सिनेमा शेवटपर्यंत बघितला असेल? या पुरस्काराचा इतिहास मी जसजसा वाचत गेले, तसतसा हाच प्रश्न पुढे येत राहिला. कोण जिंकलं हे कुठेही मिळतं. बघितला कुणी, हे शोधावं लागतं.

मुळात हा पुरस्कार इतक्या उशिरा का आला? ऑस्कर सुरू झालं १९२९ मध्ये. छोट्या कार्टूनपटांसाठीचा पुरस्कार १९३२ पासूनच होता आणि पहिला डिस्नेच्या 'फ्लॉवर्स अँड ट्रीज'ला गेला. पूर्ण लांबीच्या सिनेमांसाठी मात्र काहीच नाही. 'स्नो व्हाइट' डिसेंबर १९३७ मध्ये झळकला, तेव्हा तो पूर्ण होण्याआधीच 'डिस्नेचा खुळेपणा' म्हणून लोक हसले होते. तो तुफान चालला. मग ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९३९ मध्ये वॉल्ट डिस्नेला एक खास पुरस्कार दिला : एक नेहमीची मूर्ती आणि पायऱ्यांवर उतरत गेलेल्या सात छोट्या मूर्ती. द्यायला कोण, तर दहा वर्षांची शर्ली टेंपल. तो फोटो फार गोड आहे, आणि मला तो गोडपणाच खटकतो. बुटक्यांचा विनोद करून, एका लहान मुलीच्या हातून दिलेला पुरस्कार. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या करामतीला अकादमीने कौतुकाने गालगुच्चा घेतला आणि मुख्य पुरस्कार मोठ्यांच्या सिनेमांसाठी राखून ठेवला.

पुढची पन्नासेक वर्षं हेच. 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'साठी रिचर्ड विल्यम्सना विशेष पुरस्कार, 'टॉय स्टोरी'साठी जॉन लॅसेटरना विशेष पुरस्कार. कायमचा पुरस्कार न ठेवण्यामागचं कारण अगदीच चुकीचं नव्हतं. वर्षाकाठी सिनेमे येणार दोन-तीन, त्यातला दखल घेण्याजोगा डिस्नेचा. स्पर्धा कुणाची कुणाशी लावणार?

मग १९९२ मध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट' थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाच नामांकनांत जाऊन बसला. पाचच जागा असायच्या तेव्हा. जिंकला 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज', पण ॲनिमेशनपटाने मोठ्यांच्या ओसरीवर पाय ठेवला होता. शिवाय १९९४ मध्ये जेफ्री कॅट्झेनबर्ग डिस्नेतून भांडून बाहेर पडले आणि स्पीलबर्ग व गेफन यांच्यासोबत त्यांनी ड्रीमवर्क्स काढलं. पिक्सार आलं. इतर स्टुडिओही उतरले. आता दरवर्षी सात-आठ सिनेमे येऊ लागले, आणि २००० मध्ये अकादमीने वेगळा पुरस्कार जाहीर केला. नियम असा होता की किमान आठ सिनेमे पात्र ठरले तर तीन नामांकनं, सोळा ठरले तर पाच.

एकत्र कुटुंबात एखाद्या भावाला वेगळी चूल मांडून देतात तसं हे झालं. त्याला मान मिळाला, स्वतःचं अंगण मिळालं, आणि त्यानंतर मोठ्या घरातल्या वाटण्यांच्या वेळी त्याला कुणी बोलवेना. 'तुमचं तुम्हाला दिलंय की.' पुढे जे जे झालं ते या एका वाक्यात बसतं असं मला वाटतं. तरी गोष्टी मजेच्या आहेत, म्हणून सांगते.

पहिला मान 'श्रेक'ला. मार्च २००२. डिस्नेच्या राजकन्यांची, परीकथांची, स्वच्छ-सुंदर राजवाड्यांची यथेच्छ टिंगल करणारा सिनेमा, आणि तोही डिस्नेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या कंपनीचा. हरला कोण, तर डिस्नेने वितरित केलेला पिक्सारचा 'मॉन्स्टर्स'. एक बारीकसा तपशील मात्र बहुतेक जण विसरतात. ती मूर्ती निर्माते ॲरन वॉर्नर यांच्या हाती गेली. दिग्दर्शक अँड्र्यू ॲडमसन आणि व्हिकी जेन्सन यांच्या नावाने नव्हे. ॲनिमेशनच्या पहिल्या ऑस्करविजेत्या सिनेमाची दिग्दर्शिका एक बाई होती, हे त्यामुळे नोंदीत ठळक उरलंच नाही. बाईच्या नावावर हा पुरस्कार चढायला २०१३ उजाडावं लागलं. 'ब्रेव्ह'साठी ब्रेंडा चॅपमन. तीही गंमतच : कथा तिची, सिनेमा तिने सुरू केलेला, पण मध्येच तिला बाजूला करून दिग्दर्शन दुसऱ्याकडे सोपवलं होतं. मंचावर दोघं एकत्र गेली.

दुसऱ्या वर्षी सतरा सिनेमे पात्र ठरले आणि पाच नामांकनं झाली. चार अमेरिकन, पाचवा हायाओ मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे'. त्याला त्याआधीच बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण अस्वल, मिळालेला होता. तरीही २३ मार्च २००३ ला त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मंचावर यायला मियाझाकी नव्हते. तीनच दिवस आधी इराकवर बॉम्बवर्षाव सुरू झाला होता. त्यांनी तेव्हा कारण सांगितलं नाही. २००९ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा म्हणाले की इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात मला जायचं नव्हतं, आणि माझ्या निर्मात्याने मला हे तेव्हा बोलू दिलं नाही.

मला हे दोन्ही अंगांनी आवडतं. माणूस गेला नाही हे तर आहेच. पण निर्मात्याने गप्प बसवलं हे सहा वर्षांनी हसत सांगण्यात जो खवचटपणा आहे, तोही मियाझाकींच्याच सिनेमातला वाटतो. त्यांच्या सिनेमात वाईट माणूस कधी पुरता वाईट नसतो, आजीबाई चेटकीण असते आणि मग चहाही पाजते. 'स्पिरिटेड अवे' मी पहिल्यांदा बघितला तो मित्राकडच्या एका डीव्हीडीवर, इंग्रजी सबटायटल्स मागे-पुढे होत असताना. चिहिरोचे आईवडील फुकटचं खाऊन खाऊन डुक्कर होतात तिथे माझी लेक रडायला लागली, आणि मी बंद करायला उठले तर 'बंद नको करू' म्हणून आणखी मोठ्याने रडायला लागली. पुढे त्या नो-फेस नावाच्या काळ्या आकृतीची तिला इतकी भीती बसली की सिनेमा संपल्यावरही ती न्हाणीघरात एकटी जाईना. आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच लावायचा हट्ट. पुरस्कार देणाऱ्यांनी त्या वर्षी तरी सिनेमा बघितला होता, एवढं नक्की. हाताने काढलेला, इंग्रजीत नसलेला सिनेमा पुन्हा जिंकायला मग २०२४ साल उजाडलं, आणि तोही मियाझाकींचाच, 'द बॉय अँड द हेरन'. या खेपेलाही ते गेले नाहीत. वय झालं होतं त्र्याऐंशी.

मधली वर्षं पिक्सारची. 'फाइंडिंग नीमो', 'द इन्क्रेडिबल्स', 'रॅटाटुई', 'वॉल-ई', 'अप', 'टॉय स्टोरी ३' अशी माळच लागते. पहिल्या चोवीस पुरस्कारांपैकी अकरा पिक्सारचे आणि चार डिस्नेच्या स्वतःच्या स्टुडिओचे. २००६ मध्ये पिक्सारही डिस्नेने विकत घेतलं, तेव्हा हिशेब एकाच वहीत. वाईट सिनेमांना पुरस्कार मिळाले असं मी म्हणणार नाही. 'रॅटाटुई'मधला तो खडूस समीक्षक पहिला घास घेऊन थेट आईच्या स्वयंपाकघरात जाऊन पडतो, त्या काही सेकंदांसाठी मी अजून तीन ऑस्कर द्यायला तयार आहे. पण त्याच वर्षी 'पर्सेपोलिस' नामांकनात होता. मारजान सत्रापींचं इराणमधलं बालपण, काळ्या-पांढऱ्यात. तो हरणार हे नामांकन जाहीर झालं तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं. कुणाला जिंकवायचं हे ठरलेलं असलं की बाकीचे सिनेमे बघायची तसदी कोण घेणार?

'रॅटाटुई'च्या श्रेयनामावलीच्या शेवटी एक शिक्का येतो, तो कधी नीट वाचा. शंभर टक्के अस्सल ॲनिमेशन, मोशन कॅप्चर वापरलेलं नाही, अशी हमी. तो टोमणा होता. आदल्या वर्षी 'हॅपी फीट' जिंकला होता, आणि त्यातल्या नाचऱ्या पेंग्विनच्या पायांत सॅव्हियन ग्लोव्हर या नर्तकाचे पाय होते, कॅमेऱ्याने टिपून संगणकात उतरवलेले. कलाकारांत धुसफूस सुरू झाली की हे आमचं काम की नटाचं? २०१० मध्ये अकादमीने नियमच लिहिला की नुसतं मोशन कॅप्चर म्हणजे ॲनिमेशन नव्हे. पुढच्याच वर्षी स्पीलबर्गचा 'टिनटिन' नामांकनाच्या बाहेर राहिला, त्याच सिनेमाला गोल्डन ग्लोबमध्ये मात्र ॲनिमेशनचा पुरस्कार मिळाला. हा वाद अजून संपलेला नाही. आता तर यंत्रच चित्र काढू लागल्यावर तो नव्या रूपात परत येईल. मी चित्र काढणाऱ्यांच्या बाजूने आहे, पण 'हॅपी फीट' जॉर्ज मिलरचा आहे आणि 'मॅड मॅक्स'चा दिग्दर्शक पेंग्विन नाचवतो यात मला जो आनंद होतो, तोही मी सोडणार नाही.

वेगळ्या चुलीचा चटका पहिल्यांदा नीट लागला तो 'वॉल-ई'च्या वेळी. पहिला अर्धा तास जवळजवळ संवादच नसलेला, कचऱ्याच्या ढिगाऱ्यातला एक यंत्रमानव. लॉस एंजलिसच्या चित्रपट समीक्षकांनी २००८ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचीच निवड केली. ॲनिमेशनपटांतला सर्वोत्कृष्ट नव्हे, सगळ्या सिनेमांतला. ऑस्करच्या मुख्य पाचांत तो नव्हता. 'द डार्क नाइट'ही नव्हता. ओरड झाली आणि पुढच्या वर्षीपासून पाचाच्या दहा जागा झाल्या. तेव्हा 'अप' आला, मग 'टॉय स्टोरी ३'. त्यानंतर जागा कधी दहा, कधी आठ-नऊ अशा राहिल्या, पण २०२५ च्या सोहळ्यापर्यंत तरी एकही ॲनिमेशनपट तिथे पोचलेला नाही.

आता मला आवडणारा भाग. या पुरस्काराचं खरं वैभव विजेत्यांत नाही, नामांकनांत आहे. २०१० च्या फेब्रुवारीत नामांकनं आली आणि 'अप', 'कोरलाइन', 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स' यांच्यासोबत एक नाव होतं जे कुणीच ऐकलेलं नव्हतं : 'द सीक्रेट ऑफ केल्स'. आयर्लंडमधल्या किल्केनी गावातला कार्टून सलून नावाचा स्टुडिओ, आणि नवव्या शतकातल्या एका हस्तलिखिताची नक्षी. मग दर वर्षी एखादं-दुसरं असं नाव येऊ लागलं. फ्रान्समधून 'अ कॅट इन पॅरिस'. स्पेनमधून 'चिको अँड रीटा'. ब्राझीलमधून 'बॉय अँड द वर्ल्ड', ज्यात माणसं उलटी केलेली पोर्तुगीज बोलतात आणि तरी सगळं कळतं. बाहुल्यांतून अनाथाश्रमातल्या मुलांची गोष्ट सांगणारा 'माय लाइफ ॲज अ झुकीनी'. 

हे कसं घडायचं? तर नामांकनं ठरवायला एक समिती असायची. त्यात ॲनिमेशनमधले लोक आणि इतर शाखांतले इच्छुक सदस्य असत, आणि त्यांनी पात्र सिनेमांपैकी ठरावीक प्रमाणात सिनेमे प्रत्यक्ष बघणं सक्तीचं होतं. अंधारात बसून चाळीस-पन्नास तास बघितल्यावर माणसाला कळतं की गाजावाजा झालेला सिनेमा कुठला आणि जीव ओतलेला कुठला. माझ्यासारख्या ठाण्यात बसून जगभरचं बघू पाहणारीला ती पाच नावं म्हणजे अभ्यासक्रमच होता. सोमवारी सकाळी, इथे डबे भरायच्या वेळी सोहळा सुरू होतो. तो मी धडपणे कधीच बघितलेला नाही. पण जानेवारीतली नामांकनांची यादी मात्र उतरवून घेते. 'साँग ऑफ द सी' मला त्या यादीनेच दिला, 'प्रिन्सेस कागुया'ही. इसाओ ताकाहाता यांचा तो शेवटचा सिनेमा. बांबूत सापडलेली मुलगी भर समारंभातून पळत सुटते तेव्हा पडद्यावरच्या रेषाच विस्कटायला लागतात, कोळशाने रागारागाने ओढल्यासारख्या. रेषा धावते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आणि आता हे बघा. नामांकनं समिती ठरवायची, पण विजेता सगळ्या सदस्यांच्या मतांनी. त्यांना बघण्याची सक्ती नव्हती. २०१४ मध्ये अकादमीच्या एका मतदात्याने, अर्थात नाव न सांगता, एका नियतकालिकाला बेधडक सांगितलं की मी यातला एकही बघितला नाही, माझा ॲनिमेशनमधला रस वयाच्या सहाव्या वर्षी संपला. पुढच्या वर्षी असाच एक अनामिक सदस्य वैतागला की 'द लेगो मूव्ही' सोडून या दोन कुठल्याशा चिनी सिनेमांना नामांकन कसं दिलं. शब्द याहून घाण होते. ते दोन म्हणजे 'साँग ऑफ द सी' आणि 'प्रिन्सेस कागुया'. एक आयरिश, एक जपानी. चिनी दोन्ही नाहीत. त्या वर्षी 'बिग हीरो ६' जिंकला. सिनेमा बरा आहे. पण त्याच्यासमोर ताकाहातांचा शेवटचा सिनेमा होता आणि मत देणाऱ्याला तो कुठल्या देशाचा हेही माहीत नव्हतं.

मग २०१७ मध्ये अकादमीने नामांकनाचं दारही इच्छुक असलेल्या सगळ्या मतदात्यांसाठी उघडलं. त्याच वर्षीच्या सिनेमांतून 'द बॉस बेबी'ला नामांकन मिळालं. मला 'बॉस बेबी'शी काही वैर नाही, कोट घातलेलं बाळ बघून मीही हसले. आणि खरं सांगायचं तर त्याच पाचांत 'द ब्रेडविनर' आणि तैलचित्रांनी रंगवलेला 'लव्हिंग व्हिन्सेंट'ही होते, म्हणजे आकाश काही कोसळलं नाही. पण वारा कुठून वाहतोय ते कळलं. समितीच्या काळात एखाद्या अनोळखी स्टुडिओला वाटायचं, आपला सिनेमा निदान काही माणसं बसून बघतील. आता त्याला आधी जाहिरात परवडायला हवी.

२०२२ च्या सोहळ्यात तर मंचावरूनच सांगितलं गेलं की हे सिनेमे मुलं पुन्हा पुन्हा बघतात आणि पालकांना माहीत आहे आम्ही काय म्हणतोय ते. सभागृह हसलं. मीही तशीच पालक होते, एकच सिनेमा सलग आठवडाभर ऐकून कंटाळलेली, तेव्हा विनोद मला समजला. पण त्या पाचांत 'फ्ली' होता : अफगाणिस्तानातून पळून डेन्मार्कला पोचलेल्या एका माणसाची खरी कहाणी. ॲनिमेशन, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट या तिन्ही विभागांत एकाच वेळी नामांकन मिळालेला पहिला सिनेमा. तो कुठलं मूल पुन्हा पुन्हा लावणार होतं? पुढच्या वर्षी गिलेर्मो देल तोरो 'पिनोकियो'साठी मंचावर आले आणि पहिलंच काय म्हणाले, तर ॲनिमेशन म्हणजे सिनेमा आहे, तो काही सिनेमाचा एक प्रकार नव्हे. वीस वर्षांचा पुरस्कार हातात घेऊन हे सांगावं लागलं.

आपल्याकडे काय? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ॲनिमेशनपटासाठी वेगळा विभाग २००६ च्या सिनेमांपासून आहे. पहिला तेलुगू 'किट्टू'ला मिळाला. मग 'रोडसाइड रोमियो', आणि २०१२ च्या सिनेमांत 'दिल्ली सफारी'. हा पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने केलेला. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातले प्राणी आपलं रान वाचवायला संसदेपर्यंत चालत जातात, अशी गोष्ट. बोरिवलीच्या बिबट्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांना ती आजही जुनी वाटणार नाही. त्या वर्षी ऑस्करच्या एकवीस पात्र सिनेमांच्या यादीत तो होता. रामायणानंतर असा आपला सिनेमा त्या यादीत बघून बरं वाटलं होतं. पण राष्ट्रीय पुरस्काराच्या या विभागात कित्येक वर्षं पुरस्कारच दिला गेला नाही, आणि अलीकडे त्यात व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स सगळं एकत्र करून टाकलं. परिणाम असा की २०२२ च्या सिनेमांत तो 'ब्रह्मास्त्र'ला आणि २०२३ च्या सिनेमांत 'हनु-मान'ला मिळाला. दोन्हींत हाडामांसाचे नट आहेत. हॉलीवूडने वेगळी चूल मांडून दिली. आपण मांडली आणि तिच्यावर दुसऱ्यांचा स्वयंपाक चढवला. गीतांजली राव जे.जे.मध्ये शिकल्या, मुंबईत बसून त्यांनी 'बॉम्बे रोझ' हाताने रंगवून घेतला, २०१९ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचं उद्घाटन त्या सिनेमाने झालं. तो आपल्याकडे कितीशा थिएटरांत लागला?

या सगळ्यावर मी कडू होऊन बसले असते, पण मार्च २०२५ मध्ये 'फ्लो' जिंकला. लॅटव्हिया हा देश नकाशावर शोधावा लागतो. गिंट्स झिल्बालोडिस हा तिशीतला दिग्दर्शक; आधीचा सिनेमा त्याने अक्षरशः एकट्याने केला होता. 'फ्लो'त एक मांजर, एक कुत्रा, एक कॅपिबारा, एक लेमूर, एक पक्षी, एक होडी आणि चढत जाणारं पाणी. संवाद एकही नाही. खर्च सुमारे पस्तीस लाख युरो, आणि सगळं ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. म्हणजे जे पुण्या-मुंबईतला ॲनिमेशनचा कुठलाही विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर आज रात्री उतरवून घेऊ शकतो तेच. समोर होता 'इनसाइड आउट २', २०२४ मध्ये जगात सगळ्यात जास्त कमावलेला सिनेमा, दीडशे कोटी डॉलरहून अधिक. शिवाय 'द वाइल्ड रोबोट', जो मला स्वतःला फार आवडला होता. लॅटव्हियाला मिळालेला हा पहिलाच ऑस्कर. त्याआधी गोल्डन ग्लोब मिळाला, तेव्हा रिगाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात ती मूर्ती ठेवली होती आणि लोक ती बघायला रांगा लावत होते. मांजराच्या सिनेमाला मिळालेली मूर्ती.

'फ्लो' का जिंकला यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला साधं कारण पुरतं. जेमतेम दीड तासाचा, एका शब्दाचंही सबटायटल नसलेला सिनेमा. एकदा लावला की बंद करायला निमित्त सापडत नाही. लोकांनी तो बघितला. सदस्यसंख्या वाढून जगभर पसरली आहे, त्यात युरोपातले, आशियातले लोक आले आहेत, हेही असणार.

आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अकादमीने नियम काढला : यापुढे अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं असेल, त्या विभागातले सगळे नामांकित सिनेमे सदस्याने बघितलेले असले पाहिजेत. अकादमीच्या स्वतःच्या ऑनलाइन व्यासपीठावर बघितला तर नोंद आपोआप होते. महोत्सवात किंवा थिएटरात बघितला असेल, तर कुठे आणि कधी ते फॉर्ममध्ये भरून द्यायचं. ९७ सोहळे पार पडल्यावर. मी ही बातमी दोनदा वाचली, कारण याआधी असा सरसकट नियम नव्हता यावर माझा विश्वास बसेना. आता लॅपटॉपवर सिनेमा चालू ठेवून स्वयंपाकघरात जाणारे असतील, फॉर्मवर थाप मारणारेही असतील. पण 'एकही बघितला नाही आणि तरी मत दिलं' ही फुशारकी निदान त्यांना आता पहिल्यासारखी मोकळेपणाने मारता येणार नाही.